जीन्समधली चिप आणि वाघाचा पट्टा

नव्या जीन्सचा टॅग कधी उजेडात धरून बघितलाय? आत चंदेरी तारेची नक्षी दिसली, तर ती आरएफआयडी चिप. काही ब्रँड तर ती धुण्याच्या सूचनांच्या लेबलातच शिवून टाकतात.

आता ‘चिप’ म्हटलं की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला आठवतो वाघाच्या गळ्यातला पट्टा. 2017 मध्ये ब्रह्मपुरी भागातून पकडून बोरच्या जंगलात सोडलेली वाघीण आठवते ना? ती कुठून कुठे गेली, हे त्या पट्ट्यामुळेच कळत होतं. मग साहजिकच प्रश्न पडतो, ही जीन्स घालून मी भामरागडला गेलो, तर कंपनीला कळणार का?

नाही कळणार. वाघाच्या पट्ट्यात बॅटरी असते, जीपीएस असतं. जीन्सच्या चिपमध्ये दोन्ही नाही. रीडरच्या रेडिओलहरी अंगावर पडल्या की तेवढ्या ऊर्जेवर ती जागी होते, आपला नंबर सांगते आणि परत झोपते. तेही काही मीटरच्या आतच.

पण खरी गोम त्या नंबरात आहे. एकाच साइजच्या दहा शर्टांचा बारकोड सारखाच असतो, चिपचा नंबर मात्र प्रत्येक शर्टाचा वेगळा असू शकतो. आता काउंटरवर काय होतं? “मोबाईल नंबर सांगा.” आपण सांगून मोकळे! बिल, शर्ट आणि तुम्ही, तिघांची एकाच नोंदीत गाठ बांधता येते. पुढे तोच शर्ट घालून रीडर लावलेल्या दारातून गेलात, तर तांत्रिकदृष्ट्या तुम्हाला ओळखणं शक्य आहे. प्रत्येक दुकान हे करतं असं मी म्हणत नाहीये. पण याच भीतीपोटी 2003 मध्ये बेनेटन कंपनीच्या कपड्यांतल्या चिपवरून बहिष्काराची हाक दिली गेली आणि कंपनीने माघार घेतली.

म्हणून माझ्या मते चिपपेक्षा मोबाईल नंबर जास्त जपायला हवा. नंबर दिल्याशिवाय बिल होणार नाही, असा हट्ट दुकानदारांनी धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे 2023 मध्येच बजावलंय. तेव्हा “नंबर नाही देणार” एवढं बिनधास्त म्हणा. आणि शर्ट बदलून घ्यायची मुदत संपली, की टॅग कापून टाका.

घरच्या गाडीवरचा फास्टॅग मात्र कापता येत नाही. तोही आरएफआयडीच, पण त्याची गाठ पहिल्या दिवसापासून गाडी नंबर आणि खात्याशी बांधलेली. कॉलेजला जातो सांगून गाडी नागपूरकडे वळवलीत, तर टोलनाक्यावर पैसे कटल्याचा मेसेज बाबांच्या मोबाईलवर तुमच्याआधी पोचतो!

एअरटॅगसारखी ब्लूटूथ बटणं याहून वेगळी. त्यांच्यात बॅटरी असते आणि आजूबाजूच्या आयफोनांमार्फत ती आपला ठावठिकाणा मालकाला कळवतात. एटापल्लीच्या जंगलात जवळपास आयफोनच नसेल, तर बटण गप्प. चंद्रपूरच्या बसस्टँडवर उतरलात की बोलायला लागतं. असं बटण कुणी एखाद्या मुलीच्या बॅगेत गुपचूप टाकलं, तर काय होईल ते सांगायला नको. मे 2024 पासून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीवर अशा अनोळखी ट्रॅकरची सूचना येते. मोबाईलच्या सेटिंगमध्ये ती चालू आहे का, हे आत्ताच बघा. ब्लूटूथ बंद असेल, तर सूचना येणार नाही.