साखळी करवत सुरू होत नाही तेव्हा

जुन्या आंब्यांची छाटणी करणे, वादळात पडलेली झाडे दूर करणे, वठलेली झाडे उतरविणे ही कामे पूर्वी दोघांनी मिळून ओढावयाच्या करवतीने होत असत. आता पेट्रोलवर चालणारी साखळी करवत, म्हणजे गावात जिला चेनसॉ किंवा नुसते कटर म्हणतात ती, अनेक बागायतदारांच्या घरी दिसते. दिवसाचे काम ती तासात करते. परंतु वर्षातून दोन-चार वेळाच वापरावयाचे हे यंत्र नेमके गरजेच्या वेळी सुरू होत नाही, असा अनेकांचा अनुभव आहे.

दिनांक ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन तालुक्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. त्यानंतर काही दिवसांनी पंचनाम्याच्या निमित्ताने मी एका वाडीत गेलो होतो. तेथे आंब्याचे एक मोठे झाड गोठ्यावर कोसळले होते आणि जनावरे पावसात उघड्यावर उभी होती. साखळी करवत आणली होती. पण दोघा तरुणांनी आळीपाळीने तासभर दोरी ओढूनही ती सुरू होईना. अखेर एकाने यंत्र अधांतरी धरून, ते खाली झोकीत दोरी ओढण्यास प्रारंभ केला. तेवढ्यात मासेमारी होड्यांची इंजिने दुरुस्त करण्यात आयुष्य घालविलेले एक वृद्ध गृहस्थ पुढे आले. त्यांनी त्यास थांबविले, पेट्रोलचा कॅन उघडून वास घेतला आणि म्हणाले, "साहेब, हे पेट्रोल गेल्या दिवाळीचं. दोरी ओढून ते ताजं व्हायचं नाही."

इंजिनाची रचना मी पदवीच्या अभ्यासात शिकलो होतो. तरी कॅनचा वास घेण्याचे मला सुचले नव्हते, हे येथे कबूल केले पाहिजे. टाकी रिकामी केली, प्लग पुसला, ताजे मिश्रण भरले आणि थोड्याच वेळात करवत सुरू झाली. दिवेलागणीपूर्वी गोठा मोकळा झाला. त्या दिवशीचा धडा असा की, यंत्र सुरू होत नसेल तर आधी दोरी सोडावी आणि क्रमाने तपासणी करावी.

प्रथम इंधन

बंद-चालू करण्याचे बटन 'चालू'वर आहे ना, हे आधी पाहावे. या साध्या चुकीपायीही पुष्कळ श्रम वाया जातात. त्यानंतर इंधनाकडे वळावे. साखळी करवतीचे इंजिन बहुधा टू-स्ट्रोक असते. त्यात तेलाची वेगळी टाकी नसून पेट्रोलमध्ये मिसळलेले टू-टी तेलच पिस्टनला वंगण पुरविते. प्रमाण माहितीपुस्तिकेत दिलेले असते. ५० भागांस १ असे असल्यास लिटरला २० मिलिलिटर, आणि २५ भागांस १ असे असल्यास ४० मिलिलिटर तेल घ्यावे. ते मापानेच घालावे. तेल जास्त झाल्यास प्लग काजळतो. कमी झाल्यास पिस्टनवर ओरखडे पडून इंजिन निकामी होते. साखळीवर सोडावयाचे तेल या मिश्रणात कधीही वापरू नये.

आपल्याकडील पेट्रोलमध्ये आता सुमारे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचा अंश वाढला म्हणजे पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसते, आणि टाकीतील नळी नेमकी तळाचेच इंधन ओढते. त्यात वंगणाचा अंश जवळजवळ नसतो. म्हणून महिनाभरात संपेल एवढेच मिश्रण तयार करावे व कॅनवर तारखेची चिठ्ठी चिकटवावी.

प्लग काय सांगतो?

दोरी आठ-दहा वेळा ओढूनही इंजिन दाद देत नसेल तर प्लग काढून पाहावा. प्लग कोरडा असल्यास इंधन पोहोचत नाही असे समजावे. अशा वेळी टाकीतील नळीच्या टोकाची गाळणी तुंबली आहे काय, नळीस चीर गेली आहे काय, हे पाहावे. झाकण सैल करताच इंजिन चालू लागले तर टाकीत हवा येण्याचे छिद्र बुजले आहे, हे ओळखावे.

प्लग ओला असल्यास इंधन जादा झाले आहे किंवा ठिणगी पडत नाही. थंड इंजिन सुरू करताना चोक लावतात. परंतु पहिला 'फट्' असा आवाज येताच, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, तो अर्धा किंवा पूर्ण काढावा लागतो. तसे न करता ओढीत राहिल्यास इंजिनात पेट्रोल तुंबते. मग बटन बंद करून, प्लग काढून, छिद्र आपल्यापासून दूर ठेवून दोरी पाच-सहा वेळा ओढावी. प्लग पुसून कोरडा करून बसवावा, बटन चालू करावे आणि चोक न लावता पुन्हा प्रयत्न करावा. काजळी फार असल्यास नवा प्लग घालणेच स्वस्त पडते. या कामाच्या वेळी जवळपास विडी वा चूल पेटलेली नसावी.

हवा व दाब

लाकडाच्या भुशाने हवेची गाळणी भरली की इंजिन गुदमरते. ती दररोज झटकावी. धुतल्यास पूर्ण वाळवूनच बसवावी. मफलरची जाळी काजळीने बुजल्यासही हाच त्रास होतो. हे सर्व ठीक असूनही दोरी हाताला अगदी सैल लागत असेल, तर इंजिनातील दाब गेला आहे असे समजावे. हे काम घरी न करता जाणत्या कारागिराकडे न्यावे. कार्ब्युरेटरचे स्क्रूही अंदाजाने फिरवू नयेत.

सुरू करण्याची रीत

साखळीचा ब्रेक लावून यंत्र सपाट जमिनीवर ठेवावे. उजव्या पायाचा चवडा मागील मुठीत रोवावा, डाव्या हाताने पुढील मूठ घट्ट धरावी आणि उजव्या हाताने दोरी ओढावी. यंत्र अधांतरी झोकून सुरू करणे अत्यंत धोक्याचे आहे. इंजिन एकाएकी चालू झाल्यास साखळी मांडीवर येते. पेट्रोल भरल्या जागेपासून चार पावले दूर जाऊनच यंत्र सुरू करावे.

पावसाळ्यापूर्वी

काम संपल्यावर टाकी रिकामी करून, उरलेले इंधन संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावे, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये चिकटा साचत नाही. मग यंत्र पुसून कोरड्या जागी ठेवावे. टू-स्ट्रोक इंजिनाच्या फवारणी पंपासही हाच नियम लागू आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्यातील एखाद्या सभेत गावातील अशी सर्व यंत्रे एकत्र आणवून, ती प्रत्यक्ष सुरू करून पाहावीत. वादळ येण्याची तारीख आपल्या हाती नसते. पण यंत्र त्या दिवशी सुरू होईल अशा स्थितीत ठेवणे खचित आपल्या हाती आहे.