पंचवीस मिलिलिटर सिमेंट आणि प्लूटोपर्यंतची दोरी

अमेरिकेतल्या व्हरमाँटसारख्या थंड राज्यात अनेक घरं लाकूड जाळणाऱ्या लोखंडी शेगडीवर ऊब घेतात. तिच्या दाराला आतून कडेनं एक दोरी चिकटवलेली असते. कुकरच्या रिंगेचं जे काम, तेच हिचं. लांबी दोन मीटर, जाडी करंगळीएवढी, वजन शंभरेक ग्रॅम. त्यात काय एवढं?

थांबा! ही दोरी काचतंतूंची. एकेक तंतू साधारण 9 मायक्रॉनचा. डोक्यावरच्या एका केसाच्या रुंदीत असे सात-आठ शेजारी शेजारी बसतील. शंभर ग्रॅम काच इतकी बारीक ओढली, तर लांबी भरते 600 किलोमीटरच्या वर! मुंबई-पुणे रेल्वेनं 192. म्हणजे मुंबईहून पुणे, परत मुंबई, पुन्हा पुणे, आणि तरी तंतू शिल्लक. एका दारात!

आता दोरी झिजली, एक मिलिमीटरची फट पडली. पण दोन मीटरभर पडली! गोळा केली तर 20 चौरस सेंटिमीटर, दहाच्या साडेतीन नाण्यांएवढं भोक. धुराड्याची ओढ 12 पास्कल धरा (गणित माझं, पास्कलवर विश्वास ठेवा). दहा तासांच्या रात्रीत आत घुसलेली हवा सुमारे 190 घनमीटर. पाच मीटर व्यासाची, दहा मीटर खोल विहीर! लाकूड भडाभडा जळणार, नाही तर काय? पाच महिन्यांच्या हिवाळ्यात दीडशे विहिरी. वजन 34 टन, रेल्वेच्या रिकाम्या डब्याच्या आसपास. नुसती हवा!

आणि दोरीला दाराशी धरून कोण बसतं? दाराच्या खाचेतली चिकटाची चार मिलिमीटरची रेघ. सगळी मिळून 25 मिलिलिटर, चहाचे दोन घोट! उमेदवार दोन. लाल सिलिकॉन सतत सोसतं साधारण 260 अंश सेल्सिअस. पुऱ्यांचं तेल 180-190ला तापतं, तेव्हा हेही कमी नाही. पण अशा दोऱ्या चिकटवायच्या, सोडियम सिलिकेटच्या गॅस्केट सिमेंटच्या नळ्यांवर आकडा दिसतो 2000 फॅरनहाइट, म्हणजे 1093 सेल्सिअस! चांदीचं 962ला पाणी. सोन्याचं 1064ला पाणी. पाटल्या वितळतील, सिमेंट जागचं हलणार नाही.

अमेरिकेत लाकूड जाळणारी घरं एक कोटीच्या वर. एक कोटी शेगड्या धरा. दोऱ्या जोडल्या तर 20,000 किलोमीटर, पृथ्वीला अर्धा फेरा. आतले तंतू जोडले तर 600 कोटी! सूर्य 15 कोटींवर, तो केव्हाच मागे पडला. शनी गेला, नेपच्यून गेला, थेट प्लूटो! आणि हे सगळं धरून ठेवणारं सिमेंट? अडीच लाख लिटर. सव्वा विहीर!

तेव्हा तिकडे शेगडी पेटवणाऱ्या आपल्या मंडळींनो, पुस्तिकेत सिलिकॉन सांगितलं नसेल तर सिमेंटच घ्या. जुनं खरवडून काढा आणि रेघ बारीक ठेवा; सिमेंट दोरीत मुरलं की ती कडक होते आणि दार नीट बसत नाही.