गरम हवा टाकायची कुठे?

शिवनेरी बसच्या गारव्यात बसून खंडाळ्याचं ऊन बघणाऱ्यांपैकी होसकोटे कितीजणांना ठाऊक असेल? बंगळुरूहून कोलारला जाताना लागणारं हे गाव एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. इथे १९९८ पासून व्हॉल्वोचे ट्रक तयार होऊ लागले. २००१ मध्ये कंपनीच्या बसगाड्या भारतात आल्या आणि आपल्याकडे एसी बसला ‘व्हॉल्वो’च म्हणायची सवय लागली.

या गाड्यांच्या एसीचं सोपं गणित आहे. कॉम्प्रेसर फिरतो इंजिनावर आणि आतली उष्णता टपावरून वाऱ्यात सोडली जाते. बोटीत एसी बसवायचा म्हटला की हे गणित मोडतं. मांडव्याला पोचून नांगर टाकला की इंजिन बंद, आणि गारवा हवा असतो नेमका तेव्हाच.

घरचा स्प्लिट एसी लावून भागतं का? अलेप्पीच्या हाऊसबोटींवर भागतं. तिथे तो बहुधा रात्रीपुरताच, जनरेटरवर चालतो. समुद्रावर मात्र खारी हवा बाहेरच्या युनिटच्या पातळ पत्र्या खाऊन टाकते. म्हणून सागरी एसी उष्णता हवेऐवजी पाण्यात सोडतो. बोटीच्या तळाच्या छिद्रातून पंप समुद्राचं पाणी ओढतो, ते तांबे-निकेलच्या नळीतून फिरतं आणि गरम होऊन बाजूने बाहेर पडतं. हवा पस्तिशीवर गेली तरी पाणी तिच्याहून गार असतं, त्यामुळे यंत्रावर ताण कमी येतो.

टनेज ठरवताना खोलीचं क्षेत्रफळ आणि तिची जागा दोन्ही बघायची. डेकखालच्या, निमुळत्या केबिनला चौरस फुटामागे ताशी ६० बीटीयू, मधल्या मजल्यावर ९० आणि डेकवरच्या काचबंद खोलीला १२० असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे वरच्या १०० चौरस फुटांना १२,००० बीटीयू, अर्थात एक टन. आपल्या उन्हात थोडी भर घालावी, पण उगाच दुप्पट क्षमतेचं यंत्र घेऊ नये. ते झटपट गार करून बंद होतं आणि हवेतली ओल तशीच राहते. कोकण किनाऱ्यावर खरा त्रास त्या ओलीचाच.

बसवण्यात बहुतेक चुका पाण्याच्या वाटेवर होतात. पंप पाणपातळीच्या खाली हवा, कारण हे पंप स्वतःहून पाणी वर खेचत नाहीत. तळाच्या छिद्रालगत बंद करता येणारा कॉक हवा, त्यापुढे गाळणी. नळी सतत चढती ठेवायची. मध्ये वाकण आलं की हवा अडकते आणि पाणी थांबतं. गाळणी वरचेवर साफ केली नाही तर शेवाळ आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या तिचा गळा आवळतात. मुंबई बंदरात तर पिशव्याच जास्त.

विजेचा प्रश्न सगळ्यात अवघड. एक टनाचा एसी साधारण एक किलोवॅट खातो. १२ व्होल्टच्या बॅटरीतून ते ८५ ते १०० अँपिअर होतात. शंभर अँपिअर-तासांची साधी शिशाची बॅटरी अर्ध्यापर्यंतच वापरावी, म्हणजे अर्ध्या तासात खेळ संपला. गेटवेसमोर पाण्यातच बांधून ठेवलेल्या नौकांना किनाऱ्यावरची वीज कुठून मिळणार? उरतो जनरेटर. कॉम्प्रेसर सुरू होताना कित्येक पट करंट ओढतो, म्हणून सोबत सॉफ्ट स्टार्टर घेतला तर जनरेटर लहान चालतो.

दिवसाच्या फेरीसाठी मला हा सगळा खटाटोप अनाठायी वाटतो. कापडी छत आणि दोन पंखे पुरतात. बोटीवर मुक्कामच करणार असाल तर एसी जरूर घ्या, मात्र जनरेटर चालवून झोपण्याआधी केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवून घ्या.