अंसकंडराशूल : शेक, यंत्र की व्यायाम?

खांदा दुखतो म्हणताच अवबाहुकाचे निदान करून तेल-शेक लिहून देण्याचा प्रघात आपल्या व्यवसायात आहे. प्रथम वैद्याने रुग्णाचा हात स्वतः उचलून पाहावा. तो तसाही उचलत नसेल, विशेषतः बाहेरच्या बाजूस वळत नसेल, तर सांधा जखडलेला असतो. मधुमेहींत हे अधिक आढळते. वैद्याने उचललेला हात वर जातो, पण रुग्णाने उचलताना साधारण ६० ते १२० अंशांत कळ येते, तेव्हा विकृती कंडरेत असण्याचा संभव अधिक. प्रस्तुत विचार या दुसऱ्या अवस्थेचा आहे.

स्नेहन-स्वेदनाने आखडलेले स्नायू सैल होतात, रुग्णास बरे वाटते. अल्ट्रासाऊंडच्या शेकाचा मात्र सामान्य कंडराशूलात फारसा लाभ सिद्ध झालेला नाही. कंडरेत चुना साठलेल्या रुग्णांवर व्हिएन्ना येथे झालेल्या अभ्यासात (१९९९) २४ बैठकांनंतर उतार दिसला. परंतु नऊ महिन्यांनी वेदनेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नव्हता.

कंडरेस भार पेलण्यास शिकविणे हे काम व्यायामाचेच. तो किती बैठकांत शिकवावा? ब्रिटनमधील ‘ग्रास्प’ अभ्यासात (२०२१) ७०८ रुग्ण होते. काहींना सहा बैठकांपर्यंत चढता व्यायाम दिला. काहींना एकाच बैठकीत नीट समजावून घरी करावयाचे व्यायाम दिले. वर्षभरात दोहोंत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाचा लाभही आठ आठवड्यांच्या सुमारास अल्पसा दिसला, पुढे टिकला नाही. उपचाराविना ठेवलेला गट नसल्याने आपोआप किती बरे झाले असते, हे यावरून ठरत नाही. तरीही रोजगार बुडवून दररोज शेकास येणाऱ्या रुग्णाचा विचार करता हा निष्कर्ष आम्हांस मोलाचा वाटतो, मग आपल्या बैठका कमी झाल्या तरी चालेल.

म्हणून अभ्यंगानंतर लगेच, कोपर कुशीशी ठेवून रबरी पट्टा बाहेर ओढण्याचा व्यायाम रुग्णाकडून समोर करवून घ्यावा. सोसवेल इतकी वेदना चालते. दुसऱ्या सकाळी ती वाढलेली असल्यास भार कमी करावा. हे किमान बारा आठवडे चालावे. हात गळ्यात बांधून ठेवण्याचा सल्ला देऊ नये.

औषधी दुकानदारांस एक विनंती. पडल्यानंतर हात उचलेनासा झाला असेल, खांद्यासह ताप असेल, किंवा चालताना छाती भरून डावा खांदा दुखत असेल, तर तेलाची बाटली न देता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.