‘मनावर घ्या’ म्हणून वजन उतरतं का?

आमच्या ओपीडीत सोमवारी केसपेपरची रांग दाराबाहेर गेलेली असते. एका रुग्णाच्या वाट्याला फार तर चार-पाच मिनिटं येतात. तेवढ्यात रक्तदाब बघायचा, रिपोर्ट वाचायचे, औषधं लिहायची आणि रुग्ण उठता उठता सांगायचं, ‘वजन कमी करा, जरा मनावर घ्या.’ हे वाक्य मी वर्षानुवर्षं सांगत आलो. त्याचा उपयोग किती होतो, याचा विचार मात्र फार उशिरा केला.

काही वर्षांपूर्वी एक बाई गुडघेदुखीसाठी आल्या. वय ४८, उंची १५२ सेंटिमीटर, वजन ८२ किलो. घाईत होतो, जरा मोठ्यानेच बोललो, ‘एवढं वजन घेऊन फिरल्यावर गुडघे दुखणार नाहीत तर काय?’ मागे उभ्या असलेल्या चारजणांनी ते ऐकलं. बाई मान खाली घालून गेल्या आणि त्यानंतर दोन वर्षं फिरकल्या नाहीत. परत आल्या तेव्हा तळपायाला न भरणारी जखम होती आणि रक्तातली साखर खूप वाढलेली. मधे का आला नाहीत, असं विचारलं. त्या म्हणाल्या, ‘साहेब, वजन उतरलं नव्हतं. तुम्ही परत ओरडला असता.’

मधुमेह त्या दोन वर्षांत वेळेवर सापडला असता, तर कदाचित पायाची ती जखम टळली असती. वजनावरून बोलणी खाणारी माणसं बारीक होत नाहीत. ती दवाखाना टाळतात, चारचौघांत जेवायला लाजतात आणि एकटी असताना जास्त खातात. हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. मला ते त्या बाईंनी शिकवलं.

दोन का नाही?

विल्यम मिलर हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दारूच्या व्यसनात अडकलेल्या लोकांबरोबर काम करायचे. त्यांच्या लक्षात आलं, की माणसाला जितकं पटवायला जावं, तितका तो ‘पण’, ‘परंतु’ करत उलट बाजू मांडतो. बदलायचं कारण त्याच्या स्वतःच्या तोंडून आलं, तर मात्र तो हलतो. १९८३ मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली. आता ती वजन, मधुमेह, तंबाखू अशा अनेक ठिकाणी वापरली जाते.

जखम भरल्यावर मी बाईंना त्यातलाच एक प्रश्न विचारला. ‘ताई, वजन कमी करणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? दहापैकी किती गुण द्याल?’

‘चार.’

पूर्वी मी लगेच विचारलं असतं, ‘फक्त चार?’ मग त्यांनी वेळ नाही, गुडघे दुखतात, घरातलं आवरत नाही, अशी कारणं सांगितली असती. त्या दिवशी विचारलं, ‘चार का? दोन का नाही?’

त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘आमच्या आळीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या सतरंजीवर बसतात. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या बायकाही खाली बसतात. मला एकटीला खुर्ची आणून देतात.’

हृदयविकार, पक्षाघात, मूत्रपिंड ही माझी कारणं होती. त्यांचं कारण ती खुर्ची होती. मी तेच केसपेपरवर लिहून ठेवलं.

चार किलोही पुष्कळ

त्यांना वाटत होतं, तीस किलो उतरवायचे आहेत. एवढा मोठा आकडा डोळ्यांसमोर ठेवला, की पहिल्याच महिन्यात हातपाय गळतात. खरं तर वजनाचे पाच टक्के कमी झाले, तरी रक्तदाब, साखर आणि चरबीच्या तपासण्यांत फरक दिसू लागतो. ८२ किलोचे पाच टक्के म्हणजे चार किलो. गुडघ्याची झीज असलेल्यांमध्ये वजन एक किलोने घटलं, तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो.

मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांचा एक मोठा अभ्यास २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. सात टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम, एवढंच उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. आपल्या चेन्नईतला २००६ चा अभ्यास तर आणखी बोलका आहे. आहार आणि चालणं सुधारलेल्या गटात मधुमेहाचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झालं, आणि त्यांचं वजन फारसं घटलंही नव्हतं. काटा हलला नाही, तरी केलेलं वाया जात नाही.

हुरूप मागाहून येतो

‘उत्साह वाटला की सुरू करेन’ असं बहुतेक जण म्हणतात. अनुभव उलटा आहे. आधी छोटी कृती होते, ती जमली की हुरूप येतो. म्हणून नवी गोष्ट रोजच्या ठरलेल्या कामाला जोडावी. बाईंनी ठरवलं, रात्रीची भांडी झाली की दवाखान्यातून दिलेल्या एमसीआर चपला घालायच्या आणि दहा मिनिटं गल्लीत फेऱ्या मारायच्या. महिन्याने दहाची वीस मिनिटं झाली.

दुसरा बदल चहाचा. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे, साधारण चाळीस ग्रॅम. दिवसाची वरून घातलेली साखर पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. मधुमेह झालेला असल्याने बाईंनी आधी एक चमचा कमी केला, नंतर साखर बंदच केली. तिसरा बदल सर्वांत अवघड होता. मुलांच्या ताटातलं उरलेलं ‘टाकवत नाही’ म्हणून त्या संपवायच्या. आता भातच मोजून लावतात.

अशा गोष्टी अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? लंडनमधल्या एका अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८, तर कुणाला अडीचशेपेक्षाही जास्त. त्याच अभ्यासात मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, असंही दिसलं. दिवाळीत दोन किलो वाढले म्हणून सगळं सोडून देऊ नये.

वजन कमी झालं, की शरीर ते परत मिळवायला बघतं. भूक वाढवणारी संप्रेरकं वाढतात, पोट भरल्याची जाणीव देणारी घटतात. वर्षभरानंतरही हा बदल टिकून असल्याचं २०११ मधल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात आढळलं. तेव्हा ‘माझ्यातच दम नाही’ असं स्वतःला बोल लावू नका.

काही वेळा मात्र प्रश्न इच्छेचा नसतोच. सतत थकवा, कशातच मन न लागणं, झोपेत मोठ्याने घोरणं आणि दिवसा पेंग, पाळीच्या तक्रारी असतील, तर आधी तपासणी करा. थायरॉइड, नैराश्य, झोपेतला श्वासाचा अडथळा, स्टिरॉइडसारखी औषधं, यांपैकी काहीही मागे असू शकतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना परस्पर उपास सुरू करू नका. वजनाच्या नव्या इंजेक्शनांबद्दल हल्ली रोज कुणीतरी विचारतं. काहींना ती खरोखर गरजेची असतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ती थांबवल्यावर बहुतेकांचं वजन पुन्हा वाढू लागतं, म्हणून सवयी बदलण्यातून सुटका नाहीच.

वर्षभराने बाईंचं वजन ७७ किलो झालं. तक्त्यानुसार त्या आजही लठ्ठच आहेत. साखर गोळ्यांवर आटोक्यात आहे, पायाला नवी जखम नाही आणि त्या दर महिन्याला न चुकता येतात. गेल्या संक्रांतीला त्या सतरंजीवर बसल्या. उठताना शेजारणीने हात दिला, हे त्यांनीच हसत सांगितलं.

घरात कुणाचं वजन वाढलं असेल, तर त्याला ‘मनावर घे’ म्हणू नका. दहापैकी किती, ते विचारा. उत्तर दोन आलं, तर ‘शून्य का नाही?’ एवढंच पुढे विचारा आणि मग त्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत मधे बोलू नका.