तीव्र नैराश्य आणि मेंदूतील जाळ्यांची जोडणी : एक विवेचन

प्रस्तावना :

पूर्वी नियमित असणारा विद्यार्थी अचानक गैरहजर राहू लागतो, चाचणीला बसत नाही आणि विचारले असता "काही नाही, सर" एवढेच उत्तर देतो. अशा विद्यार्थ्यावर 'आळशी' किंवा 'मनाने कच्चा' असा शिक्का चटकन बसतो. वस्तुतः तो तीव्र नैराश्याने ग्रस्त असू शकतो. केवळ उदास वाटणे म्हणजे तीव्र नैराश्य नव्हे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निकषांनुसार नऊ लक्षणांपैकी किमान पाच लक्षणे दोन आठवडे टिकून असावी लागतात आणि त्यांत उदास मनःस्थिती किंवा कशातही रस न वाटणे यांपैकी एक असणे आवश्यक असते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील सुमारे २.७ टक्के प्रौढ त्या वेळी नैराश्याने ग्रस्त होते.

या विकारात मेंदूतील जाळ्यांच्या जोडणीत कोणते बदल आढळतात हे समजून घेणे व त्या ज्ञानाच्या मर्यादा स्पष्ट करणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. लेख दुय्यम साधनांवर आधारित आहे.

कार्यात्मक जोडणी : संकल्पना

१९९० साली सेइजी ओगावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणानुसार एमआरआय प्रतिमेत फरक पडतो हे दाखवून दिले. फंक्शनल एमआरआय हे तंत्र त्यावर उभे आहे. पुढे १९९५ मध्ये भारत बिस्वाल व सहकाऱ्यांना असे आढळले की, व्यक्ती स्वस्थ पडून असतानाही मेंदूच्या डाव्या व उजव्या बाजूंच्या हालचालविषयक भागांतील संकेत एकाच लयीत वरखाली होतात. या सहबदलास 'कार्यात्मक जोडणी' म्हणतात.

गावातील दोन विहिरींची पाणीपातळी वर्षभर एकदम वाढत व घटत असेल, तर त्यांचा काही संबंध असावा असे आपण अनुमान करतो. परंतु त्यांच्यामध्ये झरा आहे की दोहोंवर एकच पाऊस पडतो, हे त्यावरून सिद्ध होत नाही. कार्यात्मक जोडणीचेही तसेच आहे. तो सहसंबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे.

तीन प्रमुख जाळी

नैराश्याच्या संदर्भात तीन जाळ्यांचा विशेष अभ्यास झाला आहे. पहिले 'डीफॉल्ट मोड' जाळे. मार्कस राइकल व सहकाऱ्यांनी २००१ साली ही संकल्पना मांडली. बाह्य काम नसताना, स्वतःविषयी किंवा गतकाळाविषयी विचार करताना हे जाळे अधिक सक्रिय असते. दुसरे ललाट-पार्श्विका जाळे. लक्ष नियंत्रित करणे व विचारांची दिशा बदलणे यांच्याशी ते निगडित आहे. तिसरे 'सेलियन्स' जाळे. कोणत्या गोष्टीची दखल घ्यावी हे ठरविण्यात त्याचा वाटा असतो.

प्रमुख निष्कर्ष

२००७ मध्ये मायकेल ग्रेशियस व सहकाऱ्यांना नैराश्यग्रस्तांमध्ये सबजेन्युअल सिंग्युलेट या भागाचा डीफॉल्ट मोड जाळ्यातील सहभाग वाढलेला दिसला. २०१५ मध्ये रोझेलिंड कायझर व सहकाऱ्यांनी पूर्वीच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात डीफॉल्ट मोड जाळ्याची अंतर्गत जोडणी वाढलेली, तर ललाट-पार्श्विका जाळ्याची घटलेली आढळली. रुग्ण त्याच त्या क्लेशदायक विचारांचे रवंथ का करीत राहतो व "विसरून जा" हा सल्ला त्याला का पाळता येत नाही, याचे एक संभाव्य स्पष्टीकरण येथे मिळते.

तथापि, चीनमधील २५ संशोधन गटांनी मिळून १,३०० रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा २०१९ मध्ये नेमके उलट चित्र पुढे आले. वारंवार नैराश्य येणाऱ्या रुग्णांत डीफॉल्ट मोड जाळ्याची जोडणी घटलेली होती व ही घट औषधसेवनाशी संबंधित होती. प्रथमच आजारी पडलेल्या, औषध न घेतलेल्या रुग्णांत असा फरक दिसला नाही. म्हणजेच मोजला गेलेला बदल आजाराचा की उपचाराचा, हा प्रश्न कायम राहतो.

२०२४ मध्ये चार्ल्स लिंच व सहकाऱ्यांनी एकाच व्यक्तीच्या मेंदूची अनेकदा तपासणी करून दाखविले की, नैराश्यग्रस्त बहुसंख्य व्यक्तींत सेलियन्स जाळ्याने मेंदूच्या बाह्यपटलावर जवळजवळ दुप्पट जागा व्यापलेली असते. मनःस्थिती सुधारली तरी हा विस्तार बदलत नाही, आणि पुढे नैराश्य आलेल्या मुलांत तो लक्षणांपूर्वीही दिसला. त्यामुळे हा आजाराचा परिणाम नसून पूर्वप्रवृत्तीचे चिन्ह असण्याची शक्यता आहे.

उपचारांशी संबंध

२००५ मध्ये हेलन मेबर्ग व सहकाऱ्यांनी इतर उपचारांना दाद न देणाऱ्या सहा रुग्णांच्या सबजेन्युअल भागाजवळ विद्युत उद्दीपन केले. त्यांपैकी चौघांत सहा महिन्यांनंतरही सुधारणा टिकली. परंतु २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या नियंत्रित चाचणीत खऱ्या व लटक्या उद्दीपनात लक्षणीय फरक आढळला नाही. कवटीबाहेरून चुंबकीय उद्दीपन करण्याच्या पद्धतीस अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली. उद्दीपनाची जागा निवडताना सबजेन्युअल भागाशी असलेली जोडणी विचारात घ्यावी, असे मायकेल फॉक्स व सहकाऱ्यांच्या २०१२ च्या अभ्यासाने सुचविले.

निष्कर्ष :

१) तीव्र नैराश्यात जाळ्यांच्या जोडणीत बदल आढळतात, मात्र ते समूहाच्या सरासरीवरील निष्कर्ष आहेत.

२) मेंदूच्या प्रतिमेवरून एखाद्या व्यक्तीच्या नैराश्याचे निदान करता येत नाही. निदान आजही तज्ज्ञाने केलेल्या मुलाखतीवरच अवलंबून आहे. "स्कॅनवरून नैराश्य ओळखतो" अशा जाहिरातींपासून सावध राहणे आवश्यक आहे.

३) जोडणीतील बदल म्हणजे कायमचे दुबळेपण नव्हे. औषधोपचार व मानसोपचार यांनी अनेक रुग्ण बरे होतात.

प्राध्यापकाने निदान करावयाचे नाही. परंतु निदानापर्यंत पोहोचण्याची वाट अडवू नये, एवढे निश्चितच त्याच्या हाती आहे. विद्यार्थ्यास एकांतात बोलावून त्याचे ऐकून घेणे, समुपदेशकाकडे किंवा २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकाकडे त्याला वळविणे, हे काम उपस्थितीपत्रकावर लाल शेरा मारण्याइतकेच थोड्या वेळाचे आहे. त्या शेऱ्यापूर्वी ते व्हावे, हीच अपेक्षा.