जाड ट्यूब, बारीक ट्यूब

नाशकातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात ट्यूब मागितली की काउंटरवरून प्रश्न येतो, “दोन फुटी की चार फुटी?” गिऱ्हाईक जरा जाणतं दिसलं तर आणखी एक, “भाऊ, चाळीसची देऊ का छत्तीसची?” एवढ्यावर व्यवहार आटोपतो. नळीची जाडी कुणी विचारत नाही. चोक तर घरच्या पट्टीत आधीच बसलेला, त्यामुळे त्याचं नावही निघत नाही. वीजबिल मात्र या दोघांवरच ठरतं.

खोक्यावर टी-12, टी-8, टी-5 असं छापलेलं असतं. त्यातला आकडा म्हणजे नळीचा व्यास, इंचाच्या आठव्या भागांत. टी-12 म्हणजे दीड इंच, 38 मिलिमीटर. टी-8 साधारण एक इंच, 26 मिलिमीटर. टी-5 फक्त 16. जनरल इलेक्ट्रिकने 1938 मध्ये अमेरिकेत ट्यूब विकायला काढली, तेव्हापासून हा इंची हिशेब चालत आला. आपल्या शाळा, बँका, एसटी स्टँड आणि लग्नाचे मांडव ज्या उजेडात न्हाले ती 40 वॅटची टी-12.

नळीत कमी दाबाखाली पाऱ्याची वाफ असते. तिच्यातून वीज गेली की डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात आणि काचेच्या आतला पांढरा लेप त्यांचा उजेड करतो. पण वाफ एकदा पेटली की प्रवाह वाढतच जातो. त्याला आवरायला चोक. जुना तांब्याच्या वेटोळ्यांचा चोक या कामाचे 12 ते 15 वॅट स्वतःच खातो. म्हणजे खोक्यावर 40 लिहिलेली ट्यूब मीटरवर 55 च्या आसपास पडते.

छत्तीसची टी-8 युरोपात सत्तरच्या दशकात आली. तिची खुबी अशी की जुन्याच पट्टीत, जुन्याच चोकवर, त्याच स्टार्टरने ती चालते आणि चार वॅट वाचवते. ही बचत साधायला नळीत क्रिप्टॉन वायू मिसळला, आणि तिथेच गोम आहे: कमी व्होल्टेजला आणि थंडीत अशी नळी पेटायला कुरकुर करते. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरीच्या मळ्यांत हे दोन्ही एकदम गाठतं. द्राक्षाच्या हंगामात पंपांचा भार लाइनवर, वर निफाडची हाडं गोठवणारी थंडी. मग स्टार्टर टिकटिक करत राहतो, ट्यूबची दोन्ही टोकं लाल होतात, पण ती काही धरत नाही. घरातलं कुणीतरी स्टुलावर चढून स्टार्टर फिरवतं. अशा घरातला माणूस जाड चाळीसचीच मागत असेल तर त्याला अडाणी म्हणू नये. त्याने अनुभवावरून बरोबर निवड केली आहे. त्याला खरी गरज इलेक्ट्रॉनिक चोकची होती, आणि ती त्याला कुणी सांगितली नाही.

चोकच्या या निवडीचा नाशकातल्याच सातपूर-अंबडच्या वर्कशॉपांशीही संबंध आहे, आणि तो बिलापेक्षा गंभीर आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून तांब्याच्या चोकवरची ट्यूब सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होते. आता लेथवर तीन जबड्यांचा चक मिनिटाला 2000 फेऱ्या घेतोय असं धरा. सेकंदाला बरोबर 100 वेळा कुठला ना कुठला जबडा त्याच जागी येतो. फिरता चक थांबल्यासारखा भासतो आणि हात पुढे जाऊ शकतो. म्हणून जाणते वायरमन शॉपमधल्या शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकतात. इलेक्ट्रॉनिक चोक नळीला 20 हजार हर्ट्झच्या वर चालवतो, तिथे हा भास उरत नाही.

टी-5 तर इलेक्ट्रॉनिक चोकशिवाय चालतच नाही. 28 वॅटमध्ये ती चाळीसच्या तोडीचा उजेड देते. पण ‘चार फुटी’ म्हणून घ्यायला जाल तर फसाल: तिची लांबी 1149 मिलिमीटर, जुनीची 1200, पिनांमधलं अंतर 5 मिलिमीटर, जुनीचं 13. पट्टी बदला, नाहीतर अडॅप्टर लावा. रोज सहा तास जळणाऱ्या एका ट्यूबमागे 55 वरून टी-5 आणि इलेक्ट्रॉनिक चोक मिळून 31 वॅटवर आलात तर वर्षाला सुमारे 52 युनिट वाचतात. ऊर्जा दक्षता ब्युरोने 2010 पासून ट्यूबवर तारांकन सक्तीचं केलं ते दर वॅटला किती उजेड मिळतो हे पाहून. ते स्टिकर चोकबद्दल काही बोलत नाही, ही त्याची मोठी उणीव.

दोन फुटीचा मोह स्वयंपाकघरात आणि देवघरात होतो. जागाच तेवढी असेल तर ठीक. पण नळीच्या दोन टोकांना वाया जाणारी वीज आखूड नळीतही तेवढीच, त्यामुळे दोन दोन फुटी मिळून एका चार फुटीएवढा उजेड पडत नाही.

आता ही निवडच संपत आली आहे. पाऱ्यावरच्या मिनामाटा करारात भारत आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये जिनिव्हात ठरल्याप्रमाणे साध्या लेपाच्या ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात 2026 अखेर, तर तीन फॉस्फरच्या उजळ ट्यूबचं 2027 अखेर थांबायचं आहे. तेव्हा घरातली जाड ट्यूब गेली तर नवी ट्यूब आणू नका, तांब्याच्या चोकसकट अख्खी पट्टी काढून एलईडीची लावा. जुन्या पट्टीतच एलईडी ट्यूब बसवायची असेल तर खोक्यावरचं वायरिंगचं चित्र आधी वाचा. काहींना चोक-स्टार्टर काढून पिनांवर थेट 230 व्होल्ट द्यावे लागतात, आणि अशा पट्टीत पुढे कुणी जुनी ट्यूब बसवली तर ती फुटू शकते. काढलेली ट्यूब फोडून घंटागाडीत टाकू नका. खोक्यात घालून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. त्यात पारा आहे.